साठच्या दशकातल्या स्पोर्ट्स कार आजही का हव्याशा वाटतात? एमजीबीच्या निमित्ताने : पत्रा, कार्बोरेटर, वायरिंग, पेट्रोल

इंची_पाना

मंडळी,

जुन्या स्पोर्ट्स कारचा विषय निघाला की गप्पा जग्वार ई-टाइपच्या लांबलचक बॉनेटवर जाऊन अडकतात. ती देखणी आहे, त्यात वाद नाही. पण साठच्या दशकातली जी स्पोर्ट्स कार इंग्लंडच्या रस्त्यावर आजही सर्रास चालताना दिसते ती ब्रिटिश एमजी कंपनीची एमजीबी. सप्टेंबर १९६२ मध्ये ती बाजारात आली आणि १९८० मध्ये ॲबिंग्डनचा कारखाना बंद होईपर्यंत बनत राहिली. मागे काचेचं दार असलेली जीटी (१९६५ पासून) आणि बाकीचे प्रकार धरून पाच लाखांवर गाड्या बाहेर पडल्या. सिड एनेव्हर मुख्य अभियंता, बॉडीची रेषा डॉन हेटरची.

आकडे बघितले तर वेगाचं कौतुक करण्यासारखं काही नाही. १७९८ सीसी, चार सिलिंडर, पुशरॉडचं लोखंडी इंजिन, एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर, ९५ अश्वशक्ती. शून्य ते साठ मैल गाठायला बारा सेकंदांच्या आसपास, कमाल वेग ताशी शंभर मैलांच्या जरा वर. आजची साधी हॅचबॅकही तिला मागे टाकेल. तरी लोक तिला सोडत नाहीत, कारण ही गाडी मालकाच्या हाताखाली येते. बॉनेट उघडलं की प्लग, पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारे संपर्क), टॅपेट, कार्बोरेटर सगळं समोर दिसतं, आणि एक फिलर गेज, एक टेस्ट लॅम्प नि सहा-सात पाने एवढ्या सामानावर अर्ध्या दिवसात पूर्ण ट्यूनिंग होतं. बिघाड झाला तर तो कशामुळे झाला हे डोळ्यांनी बघता येतं. माझ्या मते तिची ओढ टिकण्याचं खरं कारण हे, आणि दिसणं त्यानंतर.

दुसरं कारण सुटे भाग. १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज मूळ साच्यांवर एमजीबीची नवी कोरी बॉडी बनवते. साठीतल्या फार थोड्या गाड्यांच्या मालकांना एवढी सोय आहे.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक जवळचा धागा. अँबॅसिडरमध्ये वर्षानुवर्षे जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, ते बीएमसीच्या (एमजीची तेव्हाची मालक कंपनी) बी-सिरीजचं. एमजीबीचं इंजिन त्याच घराण्यातलं, मोठं केलेलं. ज्या मिस्त्रीने अँबॅसिडरचे टॅपेट लावलेत त्याला एमजीबीचं बॉनेट उघडल्यावर काही परकं वाटणार नाही.

विकत घेताना साल नीट बघा. १९६४ च्या उत्तरार्धापर्यंत क्रँकला तीन मेन बेअरिंग, त्यानंतर पाच. पाचवालं इंजिन जास्त टिकतं, तीनवालं जास्त मोकळं फिरतं. १९६७ च्या अखेरीस मार्क टू आली : चारही गियरना सिंक्रो (गियर टाकताना दातांचा वेग जुळवणारी कडी), डायनॅमोऐवजी अल्टरनेटर, पॉझिटिव्ह अर्थऐवजी निगेटिव्ह (म्हणजे बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय ते). त्याआधीच्या गाडीत पहिल्या गियरला सिंक्रो नाही, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही.

धाग्यात माप, कारण आणि उपाय येऊ द्या. सुरुवात पत्र्यापासून करावी असं वाटतं.

---

गंज_तपासनीस

बरोबर जागी सुरुवात केलीत. इंजिन कितीही वाईट असलं तरी ते उतरवून बनवता येतं. एमजीबीचा जीव सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या पेटीत आहे.

या गाडीला वेगळी चासी नाही. वर छप्पर नाही, म्हणजे पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवण्याचं बहुतेक काम दोन बाजूंचे सिल करतात. एकेक सिल चार पत्र्यांचा : बाहेरचा, आतला, दोघांच्या मधली उभी पट्टी, आणि खाली दात असलेली कॅसल रेल. बाहेरून दिसतो तो फक्त पहिला. गंज सुरू होतो मधल्या पट्टीपासून, आणि बाहेर फोड येईपर्यंत आतलं सगळं गेलेलं असतं.

घेताना अशी तपासणी करा.

चुंबक घेऊन सिलच्या खालच्या अर्ध्या भागावर फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. सिलवर स्टीलची चकचकीत पट्टी चढवलेली असेल तर ती काढून दाखवायला सांगा. मालक नाही म्हणाला तर पुढे बोलू नका.

मग दार बंद ठेवून दाराच्या मागच्या फटीवर वरच्या टोकाला बोट ठेवा आणि दुसऱ्याला जॅक पॉइंटवर गाडी उचलायला सांगा. फट वर-खाली वेगळी होऊ लागली किंवा दार उघडताना घासायला लागलं तर बॉडी वाकते आहे. ही गाडी स्वस्तात मिळाली तरी महाग पडेल.

तिसरी गोष्ट फार जणांना माहीत नसते. मूळ बाहेरचा सिल पुढच्या मडगार्डच्या आत आणि मागच्या मडगार्डच्या खाली शिरलेला असतो. म्हणजे सिल नीट बदलायचा तर पुढचं मडगार्ड काढावं लागतं आणि मागच्याचा खालचा तुकडा कापावा लागतो. बरीच गॅरेजं एवढं करत नाहीत, दाराखाली दिसतो तेवढाच तुकडा बदलतात. दोन्ही टोकांचा सडका भाग तसाच राहतो आणि नवा पत्रा सडक्याला जोडला जातो. पुढच्या मडगार्डची दाराजवळची खालची शिवण बघा. तिथे सरळ रेषेत वेल्ड दिसला तर अर्धा सिल बसवलाय असं समजा.

याशिवाय सीटमागच्या बॅटरीच्या पेट्या (१९७४ पर्यंत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या होत्या), पुढच्या मडगार्डमधला चिखल अडवणारा पत्रा आणि हेडलाइटमागचा वरचा भाग. तिथे चिखल साचतो, ओला राहतो, वरून फोड येतात.

---

ठाणेकर_४९

गंजकाका, सिल बदलायचं काम भारतात करून घ्यायचं तर मिस्त्रीला नेमकं काय सांगायचं? आपल्याकडे डेंटिंगवाले पत्र्याचं काम छान करतात, पण ही रचना त्यांच्या सवयीची नाही.

---

गंज_तपासनीस

ठाणेकर, हे छापून मिस्त्रीच्या हातात द्या.

१. गाडी सपाट जमिनीवर, आधार पुढच्या क्रॉसमेंबरखाली आणि मागच्या एक्सलखाली. मधे कुठे जॅक नको. वजन चाकांवर असताना बॉडीचा जो आकार असतो तोच राहिला पाहिजे.

२. कापायच्या आधी दारं बसवून फटी मोजून लिहून ठेवा. मग दाराच्या जागेत बिजागऱ्यांच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत चौकोनी पाइप वेल्ड करा, एक वर आणि एक खाली. दार वरचेवर लावून बघता आलं पाहिजे म्हणून शक्य असेल तर पाइप बोल्टने सुटेल असा करा.

३. एका वेळी एकच बाजू. दोन्ही सिल एकदम कापले तर गाडी मधे बसते आणि मग कुठलंच दार लागत नाही.

४. आधी कॅसल रेल आणि आतला पत्रा, मग मधली पट्टी, शेवटी बाहेरचा. प्रत्येक टप्प्यावर आधी फक्त टाके, मग दार लावून फट बघणे, मग पूर्ण वेल्ड. मूळ ठिकाणी स्पॉट वेल्ड होते, तिथे वरच्या पत्र्याला ६ ते ८ मिमीची भोकं पाडून प्लग वेल्ड करा. सलग लांब वेल्ड मारला तर उष्णतेने पत्रा ओढला जातो.

५. जोडाच्या आतल्या बाजूंना वेल्ड चालेल असा झिंक प्रायमर. काम संपल्यावर नळी आत घालून पोकळीत मेण मारणे. खालची पाणी निघायची भोकं मोकळी आहेत का ते मेण मारल्यानंतरही तपासा.

हे शेवटचं कोकण-मुंबईच्या हवेत सर्वात महत्त्वाचं. भोकं बुजली की पावसाळ्यात सिलमध्ये पाणी उभं राहतं.

---

वंगण

आता इंजिनाकडे. क्रम चुकवू नका : आधी टॅपेट, मग इग्निशन, कार्बोरेटर सर्वात शेवटी. लोक उलटं करतात. गाडी मिसिंग मारायला लागली की पहिला हात कार्बोरेटरच्या स्क्रूला जातो, आणि दोष पॉइंटमध्ये असतो.

टॅपेट : इंजिन थंड, फट ०.०१५ इंच (०.३८ मिमी). प्लग काढा, चौथा गियर टाका, गाडी हाताने ढकलून इंजिन फिरवा. व्हॉल्व्ह पुढून मागे १ ते ८ मोजा आणि नऊचा नियम वापरा : जो व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल त्याचा क्रमांक नवातून वजा करा, येईल तो लावायचा. ८ दाबलेला असताना १, ६ दाबलेला असताना ३. टायमिंगच्या खुणा बघायची गरज नाही.

फट बरोबर लावूनही खटखट येत असेल तर रॉकरचं टोक बघा. व्हॉल्व्हच्या दांड्याने तिथे खळगा पाडलेला असतो. सपाट गेज खळग्याच्या दोन कडांवर पुलासारखा बसतो, गेजला ०.०१५ वाटतं आणि प्रत्यक्षात फट त्याहून मोठी असते. रॉकर बदलणे किंवा घासून घेणे हाच उपाय.

इथेच एक धोक्याची सूचना. रॉकर शाफ्ट काढायचा असेल तर आधी रेडिएटरचं पाणी काढा आणि हेडचे सगळे नट क्रमाने थोडेथोडे ढिले करा. बी-सिरीजमध्ये रॉकरच्या पेडस्टलचे चार मोठे नट हेडलाही धरतात. नुसते तेवढेच सोडले तर हेड एका बाजूने मोकळं होतं आणि गॅस्केटमध्ये पाणी शिरतं. परत बसवताना आतून बाहेर, टप्प्याटप्प्याने ५० पौंड-फूट (६८ न्यूटन-मीटर).

इग्निशन : पॉइंटची फट ०.०१५ इंच, प्लगची ०.०२५ इंच (०.६४ मिमी), फायरिंग ऑर्डर १-३-४-२. स्थिर टायमिंग टीडीसीच्या (पिस्टन सर्वात वर असतो तो बिंदू) आधी १० अंश. टेस्ट लॅम्पचं एक टोक डिस्ट्रिब्यूटरच्या लो-टेन्शन टर्मिनलला, दुसरं अर्थला. स्विच ऑन करून डिस्ट्रिब्यूटर फिरवा, दिवा लागला त्या क्षणी पॉइंट उघडले. सुरुवातीच्या गाड्यांत टायमिंगच्या खुणा पुलीच्या खालच्या बाजूला आहेत, गाडीखाली जावं लागतं. आधीच पांढऱ्या रंगाने ठिपका देऊन ठेवा.

आता कार्बोरेटर, १९७१ पर्यंतचे एसयूचे एचएस४ मॉडेल. या कार्बोरेटरवर माझा फार जीव आहे, कारण त्यात हलणारा भाग म्हणजे एक पिस्टन आणि त्याला लटकलेली एक सुई. इंजिनाला जेवढी हवा लागते तेवढा पिस्टन वर जातो, सुई जेटमधून वर सरकते आणि निमुळती असल्याने तेवढंच पेट्रोल सुटतं. बस्स.

इंजिन गरम करा, एअर फिल्टर काढा. पिस्टन बोटाने उचलून सोडा, खाली पडताना स्पष्ट टक् असा आवाज आला पाहिजे. नाही आला तर जेट मध्यावर नाही किंवा पिस्टनच्या घरात घाण आहे, ते आधी निस्तरा. दोन्ही थ्रॉटलना जोडणाऱ्या दांडीचे आणि चोकच्या दांडीचे क्लॅम्प ढिले करा.

जेटखालचा षट्कोनी नट वर फिरवून जेट पुलाशी (पिस्टनखालच्या उंचवट्याशी) सपाट आणा, मग दोन पूर्ण फेरे खाली, म्हणजे बारा कडा. दोन्हीकडे सारखं. आयडलिंगचे स्क्रू थ्रॉटल नुकता बंद होईल इथून दीड फेरा आत. गाडी सुरू करा, रबरी नळीचं एक टोक कानाला नि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून दोघांचा फुसफुसाट ऐका, स्क्रू फिरवून सारखा करा.

मिक्स्चर : पिस्टन उचलायच्या पिनने पिस्टन साधारण ०.८ मिमी वर करा, जास्त नाही. आरपीएम वाढून वाढलेलंच राहिलं तर पेट्रोल जास्त, नट वर. इंजिन बसायला लागलं तर पेट्रोल कमी, नट खाली. किंचित वाढून परत जागेवर आलं की जमलं. एका वेळी एकच कडा फिरवायची. शेवटी क्लॅम्प आवळताना थ्रॉटलच्या पिन आणि फॉर्कमध्ये ०.३ मिमीची मोकळीक ठेवा, नाहीतर दांडी थ्रॉटल किंचित उघडा धरून ठेवते आणि आयडलिंग कधीच खाली येत नाही.

डॅशपॉटमध्ये (पिस्टनच्या वरच्या नळकांड्यात) २० ग्रेडचं इंजिन ऑइल. टोपीला भोक नसेल तर पोकळ दांडीच्या तोंडाच्या अर्धा इंच वर, भोक असेल तर अर्धा इंच खाली. ऑइल नसेल तर ॲक्सिलरेटर एकदम दाबल्यावर गाडी अडखळते.

एवढं करूनही आयडलिंग वर-खाली होत असेल तर थ्रॉटलच्या स्पिंडलला हलवून बघा. तिथे प्ले असेल तर हवा चोरून आत येते आणि कुठलंच सेटिंग टिकत नाही. नवे स्पिंडल, गरज पडली तर बुश.

---

लेस्टरवासी

वंगण, उत्तम. गियरबॉक्समध्ये कोणतं ऑइल घालायचं तेही लिहा, इथे रोज कोणीतरी चुकतं.

---

वंगण

इंजिन आणि गियरबॉक्स दोघांनाही २०डब्ल्यू-५०, फक्त मागच्या एक्सलला ईपी-९० हे गियर ऑइल. ओव्हरड्राइव्ह (लांब पल्ल्याला आरपीएम उतरवणारा जादा गियर) असलेल्या गियरबॉक्समध्ये ईपी ऑइल घातलं तर ओव्हरड्राइव्हचा कोन क्लच घसरतो. ओव्हरड्राइव्ह लागतच नसेल तर उघडण्याआधी वायरिंग तपासा : डॅशचा स्विच, गियरबॉक्सवरचा स्विच (तो फक्त तिसऱ्या-चौथ्यात करंट देतो), सोलेनॉइड, मग ऑइलची पातळी. बहुतेक वेळा दोष या चारांत सापडतो.

इंजिन ऑइलमध्ये जस्ताचं प्रमाण पुरेसं हवं, कारण कॅम आणि सपाट टॅपेट एकमेकांवर घासतात. जुन्या गाड्यांसाठीचं खनिज ऑइल घ्या. प्रेशर गरम इंजिनाला चालताना ५० ते ८० पीएसआय, आयडलला १० ते २५.

---

लेस्टरवासी

वायरिंग माझ्याकडे. ल्यूकस या विजेचं सामान बनवणाऱ्या कंपनीच्या वायरिंगची बदनामी फार झाली आहे. रंगांची भाषा एकदा कळली की ती अत्यंत सोपी आहे : तपकिरी कायम चालू आणि बिनफ्यूजची, जांभळी कायम चालू पण फ्यूजमधून, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशनची पण फ्यूजमधून, निळी हेडलाइटची, लाल साइड लॅम्पची, काळी अर्थ. दहातले नऊ दोष गोळीच्या आकाराच्या जोडात किंवा अर्थच्या स्क्रूखाली गंजात असतात. जोड ओढून काढा, टोक घासा, परत बसवा.

एक गोष्ट मात्र जिवावरची. गाडीच्या पुस्तकात ३५ अँपिअरचा फ्यूज लिहिलाय. तो ब्रिटिश पद्धतीचा आकडा, म्हणजे ३५ ला तो उडतो, सतत झेपतात फक्त १७. आजच्या दुकानात मिळणाऱ्या फ्यूजवरचा आकडा सतत झेपणाऱ्या करंटचा असतो. तिथून ३५ चा आणून घातलात तर फ्यूज उडायच्या आधी वायर जळेल. ब्रिटिश ३५ मिळाला नाही तर १७ घाला.

१९६७ आधीची पॉझिटिव्ह अर्थ गाडी निगेटिव्ह करायची तर : बॅटऱ्यांची दिशा बदला, क्लॅम्पचा आकार वेगळा असतो तो बदला. कॉइलवरच्या दोन बारीक वायरी उलट करा. डायनॅमोला नवी दिशा शिकवावी लागते : एफ टर्मिनलची वायर सोडून बॅटरीच्या जिवंत टोकाची वायर तिथे क्षणभर दोन-तीनदा टेकवा, ठिणगी पडेल, झालं. हीटर, वायपर, एसयूचा जुना पंप यांना फरक पडत नाही. पाच बेअरिंगवाल्या गाडीचा विजेवरचा आरपीएम मीटर मात्र आतून बदलावा लागतो, ते जाणकाराकडे द्या.

पेट्रोल पंपाबद्दलही सांगतो. किल्ली फिरवल्यावर मागच्या उजव्या चाकाजवळून टकटक येऊन थांबली पाहिजे. टकटक थांबतच नसेल तर कुठेतरी हवा शिरते आहे, टाकीत पेट्रोल नाही किंवा कार्बोरेटरमधून वाहतंय. टकटक येतच नसेल तर पंपाचे पॉइंट जळले. ठोकल्यावर चालू होतो हे खरं, पण ते घरी पोहोचण्यापुरतं.

---

कोथरूड_गियर

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं की नाही यावर एकदा स्पष्ट मत द्या.

---

इंची_पाना

माझं मत : पॉइंट ठेवा. इलेक्ट्रॉनिक मोड्यूल गेला की गाडी जागेवर उभी राहते, पॉइंट मात्र हळूहळू बिघडतात, आधी सूचना देतात, आणि रस्त्याच्या कडेला कानशीच्या दोन फटकाऱ्यांत घर गाठता येतं.

---

लेस्टरवासी

इथे माझं इंची_पाना यांच्याशी पटत नाही. पॉइंट चांगले होते तेव्हाचा हा हिशेब झाला. आज बाजारात येणारे कंडेन्सर लवकर जातात, आणि रोटर आर्मची तर फारच वाईट अवस्था आहे : मधली रिव्हेट लांब असल्याने ठिणगी रिव्हेटमधून खाली शाफ्टला जाते आणि गाडी गरम झाल्यावर बंद पडते. लोक कार्बोरेटरला दोष देत बसतात. बिनरिव्हेटचा रोटर मिळतो, तो घ्या, मग पॉइंट ठेवा किंवा मोड्यूल.

मोड्यूल घ्यायचाच तर तीन पथ्यं. कॉइल ३ ओहमची हवी, दीड ओहमच्या स्पोर्ट्स कॉइलने मोड्यूल जळतो. इंजिन बंद असताना किल्ली ऑन ठेवायची नाही. आणि जुन्या पॉइंटची पूर्ण प्लेट, कंडेन्सरसह सेट करून, डिकीत ठेवायची. प्लेट बदलायला दहा मिनिटं लागतात.

---

इंची_पाना

प्लेट डिकीत ठेवायची कल्पना पटली. मूळ गाडीत काही कापावं लागत नाही, परत पूर्ववत करता येतं, तर आक्षेप नाही.

---

ठाणेकर_४९

पेट्रोलचं काय? आपल्याकडे आता सगळीकडे २० टक्के इथेनॉल.

---

वंगण

हा जुन्या गाड्यांचा आजचा खरा प्रश्न. तीन वेगवेगळे त्रास आहेत, तिघांवर उपाय वेगळे.

पहिला रबराचा. जुन्या नळ्या, डायफ्रॅम, कार्बोरेटरच्या जेटची नळी, गॅस्केट इथेनॉलने फुगतात, मग तडकतात. पेट्रोल थेट एक्झॉस्टवर ठिबकतं, कारण बी-सिरीजमध्ये कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला आहेत. सगळ्या नळ्या आर९ दर्जाच्या घाला. नळीवर आर९ छापलेलं असतं, दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. दरवर्षी नळी वाकवून बारीक चिरा बघा.

दुसरा मिक्स्चरचा. शुद्ध पेट्रोलला जळायला हवेचं प्रमाण १४.७ ला १, ई२० ला साधारण १३.५ ला १. म्हणजे त्याच सेटिंगवर मिक्स्चर पातळ होतं : गाडी गरम चालते, वेग कायम ठेवताना हिसके देते, प्लग पांढरे पडतात. जेटचा नट एकेक कडा खाली घेऊन, वर लिहिलेली पिनची परीक्षा पुन्हा करा. खूप फरक असेल तर जास्त पेट्रोल देणारी सुई घ्यावी लागते, कारण नट फक्त आयडलजवळ नीट सुधारतो, वरच्या आरपीएमला सुईचा आकार ठरवतो.

तिसरा पाण्याचा. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. पावसाळाभर गाडी उभी ठेवली तर पाणी नि इथेनॉल टाकीच्या तळाशी वेगळे बसतात, टाकी आतून गंजते. उभी करण्याआधी टाकी एक तर गच्च भरा नाहीतर पूर्ण रिकामी करा, आणि पंपाची वायर काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे फ्लोटच्या वाटीत काही राहत नाही.

शिशाचा प्रश्न याहून जुना. आपल्याकडे २००० साली शिसंयुक्त पेट्रोल बंद झालं, ब्रिटनमध्येही त्याच सुमारास. हेड उतरवलंच असेल तर एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हना कडक सीट बसवून घ्या. नाहीतर सीट खचते, टॅपेटची फट पुनःपुन्हा कमी होत जाते. दर वेळी फट कमी सापडत असेल तर तेच चाललंय.

---

लेस्टरवासी

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० आहे, सुपर ग्रेड ई५ मिळतं, जुन्या गाड्यांना तेच घालतात. आणि इथे चाळीस वर्षांवरच्या गाडीला रस्ता कर नाही, मोठे बदल केलेले नसतील तर वार्षिक एमओटी तपासणीही सक्तीची नाही. हे कायद्याने झालं, पण सिल नि ब्रेक दर वर्षी कोणाकडून तरी तपासून घ्यावेतच.

---

कोथरूड_गियर

भारतातल्या नोंदणीचं मी लिहितो. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची वेगळी सोय झाली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात ठेवलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात येते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केला असेल तर नाही. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. नव्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. आधीच नोंदणी असलेल्या गाडीचा मूळ क्रमांक ठेवता येतो.

लक्षात ठेवायचं ते असं : या नोंदणीवर गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. आणि इंजिन बदलून दुसऱ्या गाडीचं बसवायचा विचार असेल तर आधी हा नियम वाचा.

---

हलकी_गाडी

एमजीबीचं सगळं खरं, पण साठीच्या ओढीची दुसरी बाजू लोटस इलान. तीही १९६२ चीच. फायबरग्लासची बॉडी, मधे पत्र्याचा एकच कणा, वजन सातशे किलोच्या आत, १५५८ सीसीचं ट्विन कॅम. स्टिअरिंग कसं असावं याचं उदाहरण म्हणून आजही तिचंच नाव घेतात, आणि माझदाने एमएक्स-५ बनवताना तिच्याकडेच बघितलं. एमजीबी वळणावर ढकलावी लागते, इलान मनात आणलं की वळते.

घेणाऱ्यांनी तीन गोष्टी पक्क्या धराव्यात. मागच्या एक्सलमधल्या रबरी जोडांना (रोटोफ्लेक्स) तडे गेलेत का ते बघा. तुटला तर फिरता शाफ्ट सुटा होऊन चासीवर आपटतो. दुसरं, पाण्याचा पंप टायमिंगच्या कव्हरमध्येच आहे. तो बदलायचा म्हणजे पुढचं सगळं उघडायचं. पंखाचा पट्टा गरजेपेक्षा घट्ट केला की त्याचं बेअरिंग जातं, म्हणून पट्टा थोडा सैल चालेल, ताठ नको. तिसरं, कण्याचा पुढचा भाग आतून गंजतो आणि बाहेरून कळत नाही. जस्त चढवलेली नवी चासी मिळते, बॉडी उचलून बदलता येते.

---

इंची_पाना

इलानबद्दल दुमत नाही, चालवायला ती वरचढ. मालकाच्या हाताखाली येण्याचा माझा मुद्दा ई-टाइपकडे बघितलं की कळतो. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हात ती आली तेव्हा ३.८ लिटर, २६५ अश्वशक्ती, ताशी दीडशे मैलांचा दावा, आणि किंमत दोन हजार पौंडांच्या थोडी वर. त्या पैशात तसं काहीच नव्हतं. पण मागचे डिस्क ब्रेक डिफरन्शियलला चिकटून आत बसवलेले आहेत. डिस्क बदलायच्या तर बहुधा मागचा सगळा पिंजरा खाली उतरवावा लागतो. तिथे डिफरन्शियलचं ऑइल सील गळलं की ऑइल थेट ब्रेकवर. एमजीबीची मागची ड्रम उघडायला चाक आणि दोन स्क्रू.

---

गंज_तपासनीस

चाकांवरून आठवलं. तारांची चाकं असलेली एमजीबी घेताना मागचं चाक उचला, हँडब्रेक ओढा, चाक पुढे-मागे फिरवून बघा. कट् असा आवाज आला तर हबचे दात झिजलेत. नवं चाक जुन्या हबवर चढवू नका, झिजलेला हब नवं चाक खातो. दोन्ही एकदम बदला. बसवताना दातांना ग्रीस, तारांच्या चाकात ट्यूब आणि रिमवर पट्टी हवीच.

मधल्या मोठ्या नटला उजव्या बाजूला उलटे आटे, डाव्या बाजूला सरळ. नट सुटायची दिशा चाक पुढे फिरतं तीच असते. कोणी हब बाजू बदलून बसवले असतील तर नट चालत्या गाडीत सैल होत जातो. लाकडी ठोकळा ठेवून किंवा तांब्याच्या हातोडीनेच ठोका.

किंगपिनला (पुढचं चाक ज्या उभ्या पिनवर वळतं ती) एकेका बाजूला तीन ग्रीस निपल, दर तीन हजार मैलांना. ग्रीस मारताना गाडी उचललेली हवी. वजन चाकावर असेल तर ग्रीस जिथे जायला हवं तिथे जात नाही. प्ले तपासायला चाक वर-खाली धरून हलवा आणि दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा : ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन किंवा खालची पिन.

---

ठाणेकर_४९

खूप उपयोगी. शेवटचा प्रश्न पान्यांचा. माझ्याकडे सगळे मिलिमीटरचे आहेत, त्यावर भागेल का?

---

वंगण

नाही भागणार. बहुतेक आटे यूएनएफ (बारीक इंची आटे), पाने इंची एएफ (नटाच्या समोरासमोरच्या दोन कडांमधलं माप). ७/१६, १/२, ९/१६, ५/८ आणि ३/४ एवढ्यावर बहुतेक गाडी उघडते. १/२ म्हणजे १२.७ मिमी, त्यावर १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की नटाच्या कडा गोल होतात. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला सेट मिळतो. नाहीतर अँबॅसिडरवर काम केलेल्या जुन्या गॅरेजमध्ये विचारा, तिथे हेच पाने असायचे. फिलर गेज इंच आणि मिमी दोन्ही छापलेला घ्या, ०.०१५ ची पाती त्यात आहे की नाही बघून.